साहेबाची थोरली

इंग्रजी बोलपट मराठीत समजावून सांगायचं काम नाथाजीला मिळालं ते त्याला इंग्रजी येत होतं म्हणून नव्हे, तो लढाईवर जाऊन आला होता म्हणून. लढाईवर गेलेल्याला इंग्रजी येतंच, असं शिरगावात सगळे धरून चालत, आणि नाथाजीनं कुणाचा गैरसमज मोडला नव्हता. इटलीत तो पलटणीच्या भटारखान्यात होता. चहा, साखर, बटाटा, लवकर आण आणि चालता हो, एवढ्या इंग्रजीवर त्यानं अख्खी लढाई काढली होती. आप्पासोंचा बोलपटाचा फिरता तंबू माळावर पडला तेव्हा त्यांना पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस हवा होता. नाथाजीचा आवाज बरा होता. चेहरा मात्र कायमचा सुतकी. त्यानं समजावून सांगितलेला एक विनोदी बोलपट गावानं पदर डोळ्यांना लावून पाहिला होता, आणि तरी दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली होती.

मार्गशीर्ष लागला होता. नदीवरून संध्याकाळी धुकं चढायचं आणि माळावर येऊन तंबूला चिकटून बसायचं. त्या शनिवारी आप्पासोंनी एका संताचा चमत्कारांनी भरलेला बोलपट येणार म्हणून दवंडी पिटवली होती. बायका अंघोळी करून, हातात नारळ घेऊन आल्या होत्या. आणि ऐन वेळी पेटी उघडल्यावर कळलं, की मिरज स्टेशनात पेट्यांची अदलाबदल झाली आहे. संत कुठल्या कुठे निघून गेले होते आणि पेटीत एक इंग्रजी बोलपट होता. पेटीवरच्या चित्रात एक भला मोठा काळा बंगला होता, खाली धुकं होतं आणि एक बाई मेणबत्ती घेऊन उभी होती.

आप्पासोंनी बाहेरची गर्दी पाहिली, बायकांच्या हातातले नारळ पाहिले आणि नाथाजीला बाजूला घेतलं.

"नाथाजी, काय बी कर. पण ह्यातनं भक्ती काढ."

नाथाजीनं मान हलवली. त्याचं लक्ष नव्हतं. त्याची बायको शालूबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं जतला माहेरी जाणार होती, आणि परत येणार नव्हती.

शालूबाई त्याची दुसरी. पहिली अंजना. नाथाजी लढाईवर असताना अंजना तापानं आजारी पडली, तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं आणि तिथंच ती गेली. तिला अग्नीही मिरजेतच दिला. नाथाजी परत आला तेव्हा त्याला रडायला जागासुद्धा शिल्लक नव्हती. भावकीनं त्याचं दुसरं लग्न लावून दिलं ते तो नीट भानावर यायच्या आत. शालूबाई जतकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरांच्या मागं वाढलेली, अंगानं काटक आणि आवाजानं खणखणीत. नाथाजी तिच्याशी वाईट वागत नव्हता. वागतच नव्हता म्हटलं तरी चालेल. घरातली एक खोली त्यानं कुलूप लावून ठेवली होती. अंजनाचं काय असेल-नसेल ते आत होतं आणि किल्ली त्याच्या करदोट्याला.

शालूबाईला खोलीचं काही नव्हतं. तिला टाक हवा होता. पहिली बायको वारली की तिच्या नावाचा चांदीच्या पत्र्याचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालायचा, सणावाराला आधी थोरलीला निवद दाखवायचा आणि मग आपण जेवायचं, ही त्या साऱ्या भागातली रीत, शिरगावातली आणि जतकडचीही. थोरली समाधानात राहते आणि धाकटी घराची होते. शालूबाई दिवाळीपासून टाक मागत होती आणि नाथाजी "करू" म्हणत होता. गळा रिकामाच होता. म्हैस आटली तर बायका तिच्या गळ्याकडं बघायच्या. चुलीत धूर झाला तरी गळ्याकडंच बघायच्या. नवऱ्यानं हिला अजून घरात घेतलीच नाही, असं पाणवठ्यावर उघड बोललं जायला लागलं, तेव्हा तिनं एकदाच सांगून टाकलं. टाक नाही तर मी पण नाही. आणि बोचकं बांधून दाराशी ठेवलं. निघायच्या आधी बोलपट तेवढा पाहून जावा म्हणून ती शनिवारी तंबूत बायकांच्या बाजूला येऊन बसली होती.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर पहिल्यांदा धुकं आलं. बाहेरचं आत आलंय की आतलं बाहेर चाललंय हे काही वेळ कुणाला कळेना. मग तो काळा बंगला दिसला. घोडागाडीतून एक हडकुळी, घाबरट पोरगी उतरली. दारात एक उंच, काळ्या कपड्यांतला साहेब उभा होता. त्यानं तिच्याकडं न बघता तिला आत घेतलं. नाथाजीनं काठी टेकली आणि सांगितलं, की ही साहेबाची नवी बायको, आजच लग्न करून आणली. साहेब तिच्याशी बोलत नाही कारण साहेबाचं हे दुसरं लग्न.

हे त्याला इंग्रजीवरून कळलं नव्हतं. साहेबाच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. तसा चेहरा तो रोज घागरीतल्या पाण्यात बघत होता.

पुढं वाढत गेलं. जिन्यावर थोरल्या बाईची मोठी तसबीर होती. वरच्या मजल्यावर एक बंद दार होतं, त्याची किल्ली साहेबाच्या कमरेला आणि दाराशी एक कडक म्हातारी पहाऱ्याला. रात्री कुणीतरी हसत होतं, पडदे हलत होते, नव्या बायकोच्या हातातला दिवा आपोआप विझत होता. तंबूत लेकरंही गप्प झाली. बायकांना समजावून सांगायची गरजच उरली नव्हती. थोरली त्रास देते आहे हे त्यांना नाथाजीच्या आधी कळलं होतं. रीळ संपलं, दुसरं लावेपर्यंत गॅसबत्ती मोठी केली आणि बायकांच्या बाजूनं एक आवाज आला.

"त्या पोरीच्या गळ्यात टाक कुठाय?"

सगळा तंबू पडद्याकडं बघायला लागला. पडद्यावर आता काहीच नव्हतं, पण पोरीच्या गळ्यात टाक नव्हता हे सगळ्यांना आठवलं. नाथाजीनं सांगितलं, की साहेबानं केला नाही.

"का न्हाई केला?"

इथं नाथाजीनं काहीतरी थाप मारायला हवी होती. सोनार भेटला नाही म्हणायचं, लढाईनं चांदी महाग झाली म्हणायचं. पण तो बोलला तेव्हा आवाज पडद्याशेजारचा नव्हता.

"टाक केला म्हंजे ती गेली, असं व्हतंय. साहेबानं तिला जाताना बघितलं न्हाई. तवा त्याला वाटतंय, न्हाई केला तर कदाचित गेलीबी नसंल."

साहेब कोण हे शिरगावात सांगावं लागणार नव्हतं. शालूबाईनं मान खाली घातली होती. लग्न होऊन घरात आल्यापासून नवऱ्याच्या तोंडून एवढी वाक्यं तिनं पहिल्यांदाच ऐकली, तीही सगळ्या गावासकट.

तेव्हा पहिल्या रांगेतून मनुबाई उठली. मनुबाई ही अंजनाची आई, म्हणजे नाथाजीची आधीची सासू. तिचं घर नाथाजीच्याच गल्लीत. लेक गेल्यापासून तिनं त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं आणि त्यानं तिच्या. ती शालूबाईजवळ गेली आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. आत चांदीचा टाक होता. लेकीचा टाक तिनं स्वतःच करवून ठेवला होता. जावयानं विचारल्याशिवाय द्यायची रीत नव्हती आणि दिल्याशिवाय झोप लागत नव्हती, म्हणून तो कमरेला बांधून ती हिंडत होती. तिनं तो सगळ्यांसमोर शालूबाईच्या गळ्यात बांधला.

"आजपासनं ही माझी लेक," मनुबाई म्हणाली. "हिच्या गळ्याकडं बघून कुणाला काय बोलायचं असंल तर माझ्या दारात येऊन बोलायचं."

तंबू रडला. आप्पासोही रडले, कारण भक्ती निघाली होती. बायकांनी आणलेले नारळ पडद्यासमोर फोडले आणि खोबऱ्याचा प्रसाद पुरुषांच्या बाजूपर्यंत गेला. नाथाजीला छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. सकाळची मोटार रिकामी जाईल असंही वाटलं. तिथंच खेळ थांबवला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण पेटीत रिळं शिल्लक होती, आणि लोकांनी तिकिटं काढली होती.

शेवटच्या रिळाला नाथाजी अगदी मोकळ्या मनानं उभा राहिला. आता थोरली शांत झाली, त्यानं सांगितलं, आता ती पोरीला त्रास देणार नाही. तो हे बोलत असतानाच पडद्यावरचं ते बंद दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. केस मोकळे, डोळे तारवटलेले, हातात मेणबत्ती. आणि तिची सावली भिंतीवर पडली होती. भुताला सावली नसते हे तंबूतल्या लहान पोरालाही माहीत होतं. ती म्हातारीच्या हाताला चावली, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

"जित्ती हाय ही," कुणीतरी हळूच म्हणालं.

थोरलीनं पडद्यांना आग लावली, बंगला जळायला लागला, साहेब धुरात धावत सुटला, पण तिकडं आता कुणाचं लक्ष नव्हतं. खेळ संपला आणि बत्ती मोठी झाली. गावातले वडीलधारे बाळासो उभे राहिले. बाळासोंना कोड्यात पडायला आवडत नसे.

"नाथाजी, साहेबानं तिला कोंडलं कशापायी?"

दुसरी केली म्हणून, तो म्हणाला.

"आरं, माझ्या घरात दोन हायत. एकीला तरी कोंडलीया व्हय?"

"साहेबाच्यात एकच चालती."

"मग दुसरी केलीच का?"

"म्हणून तर पहिली कोंडली."

"म्हंजे जितीला मेली म्हणून सांगितलं आन् दुसरी आणली," बाळासोंनी हिशेब जुळवला. मग त्यांनी नाथाजीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. साहेबाची गोष्ट ती नाथाजीची गोष्ट हे मघाशी त्यानंच कबूल केलं होतं. साहेबाच्या घरात बंद खोली होती, नाथाजीच्याही होती. साहेबाची किल्ली कमरेला होती, नाथाजीचीही होती. अंजनाला अग्नी देताना गावातलं कोण होतं, असं कुणीतरी विचारलं. तर एक मनुबाईचा नवरा होता, तो पुढच्याच वर्षी वारला. दुसरा तिचा चुलत दीर होता, तो मुंबईला गिरणीत. बायका काही मसणात जात नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष बघितलेलं माणूस गावात एकही नव्हतं. नाथाजी त्या वेळी इटलीत बटाटे सोलत होता हे कुणाच्या ध्यानात येईना, आणि त्याला स्वतःलाही सांगायचं सुचेना.

त्यानं मनुबाईकडं पाहिलं. ती तरी मधे पडेल असं त्याला वाटलं होतं. मनुबाई त्याच्याकडं बघतच राहिली होती. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, आशा होती. ते त्याला फार लागलं.

शालूबाईनं गळ्यातला टाक मुठीत धरला होता. जित्या बाईचा टाक गळ्यात घालणं याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. काढावा तर मेलेलीचा अपमान, ठेवावा तर जितीचा घात. खोली उघडल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, एवढंच ती म्हणाली आणि मनुबाईबरोबर तिच्या घरी झोपायला गेली.

सकाळी उजाडताच नाथाजीच्या दारात अख्खी गल्ली जमली होती. धुक्यात कोण कुठं उभं आहे ते दिसत नव्हतं, नुसते खोकण्याचे आवाज येत होते. पुढं बाळासो, त्यांच्यामागं मनुबाई आणि शालूबाई. शालूबाईच्या काखेत बोचकं होतं. नाथाजीनं करदोट्याची किल्ली सोडली. लढाईवरून आल्यापासून त्यानं ते दार एकदाही उघडलं नव्हतं. कुलूप गंजलं होतं आणि तो गंज नखानं खरवडत राहिला. लोकांना वाटलं, चोरी सापडली म्हणून वेळ काढतोय. खरं म्हणजे किल्ली फिरवताना त्याच्या मनात आलं होतं, की असेल. काय सांगावं, असेल. सगळं गाव म्हणतंय तर असेलही. एवढ्या मोठ्या बंगल्यात जर कुणी जिवंत निघतं, तर माझ्या एका खोलीत का निघू नये.

दार उघडलं. आतून फडफड झाली, काहीतरी बाळासोंच्या तोंडावर आलं आणि बाळासो मागच्या मागं अंगणात बसले. कोंबडी होती. कौलांच्या फटीतून येऊन तिनं आत अंडी घातली होती. ती ओरडत धुक्यात निघून गेली, आणि तिच्यामागून दुसरं कुणी आलं नाही.

आत एक पेटी होती, एक कणगी होती, एक आरसा होता आणि खांबाला अडकवलेली अर्धी शिवलेली वाकळ होती. सुई अजून तिच्यातच होती. लोक बराच वेळ थांबले. बाळासोंनी धूळ झटकून आत जाऊन कणगीचं झाकण काढून बघितलं आणि परत लावलं. मग एकेकजण निघाला. निकाली कुस्ती बरोबरीत सुटल्यावर निघतात तसे, कुणाकडं न बघता. कुणीतरी जिवंत निघावं असं सगळ्यांनाच वाटलं होतं, हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळलं. मनुबाई उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. तिची लेक त्या सकाळी दुसऱ्यांदा गेली होती. नाथाजी तिच्याशेजारी बसला. "मामी," एवढंच तो म्हणाला.

गावाबाहेर सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला, मग परत वाजला, मग मोटार जतच्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला. शालूबाईनं तो ऐकला. मोटार गेली, असं तिनं नुसतंच सांगितलं. मग बोचकं खाली ठेवून तिनं केरसुणी शोधली.

तो बोलपट आठवडाभर दाखवणं भाग होतं, कारण संतांची पेटी कऱ्हाडच्या बाजूला गेली होती आणि ती परत येईपर्यंत आप्पासोंकडं दुसरं काही नव्हतं. रविवारी संध्याकाळी नाथाजी काठी घेऊन उभा राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. घोडागाडी आली, पोरगी उतरली, साहेब दारात उभा राहिला. परगावचे लोक होते, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. साहेब असा का उभा आहे, असं एका बाईनं विचारलं. मग बायकांच्या बाजूनं, मेंढरं वळवणाऱ्या त्या खणखणीत आवाजात, उत्तर आलं.

"त्याला बोलाय येत न्हाई. मनानं बरा हाय."

तो आवाज शालूबाईचा होता. ती उठली नाही, पडद्यापाशी गेली नाही, मनुबाईशेजारी मांडी घालून बसल्या जागी सांगत गेली. इंग्रजीचा प्रश्नच नव्हता, ते नाथाजीलाही येत नव्हतं. थोरलीला साहेबानं कोंडलं का, याचंही उत्तर तिच्याकडं होतं. धाकटीला सांगायचं त्याला धाडस झालं नाही. सांगितलं असतं तर धाकटीनं थोरलीला न्हाऊ घातलं असतं, केस विंचरले असते, आणि बंगला जळाला नसता. बाळासोंनासुद्धा हे पटलं.

सोमवारी गर्दी दुप्पट झाली. आप्पासोंनी नाथाजीच्या हातातली काठी काढून घेतली आणि त्याला दाराशी तिकिटं फाडायला बसवलं. तिथून पडदा दिसत नसे, आवाज तेवढा ऐकू येई. साहेबाचं काय चाललंय हे त्याला रोज बायकोच्या तोंडून कळायचं. ज्या दिवशी तो जेवताना नुसता हूं-हूं करी, त्या संध्याकाळी साहेब फार वाईट निघायचा आणि आगीत त्याचे हाल हाल व्हायचे. एकदा त्यानं न सांगता म्हशीला पेंड आणून टाकली, तर त्या दिवशी साहेब आगीतून नुसती भुवई भाजून बाहेर आला. नाथाजी दिवसा जपून वागायला लागला. दोन घरं पलीकडं मनुबाईकडं शालूबाईला आता माहेर झालं होतं. कुरबुर झाली की ती तिथं जाऊन बसे, आणि संध्याकाळी दोघी मिळून साहेबाचं काय करायचं ते ठरवत.

शेवटचा खेळ शुक्रवारी होता. दुसऱ्या दिवशी पेटी जाणार होती. शेवटचं रीळ लागायच्या आधी बत्ती मोठी झाली आणि दाराशी बसलेल्या नाथाजीला आतून आवाज ऐकू आला. साहेब कुणी नसताना थोरलीच्या खोलीत जाऊन बसतो, शालूबाई सांगत होती. तिनं शिवायला घेतलेलं तसंच आहे, ते मांडीवर घेतो आणि रडतो. धाकटी दाराबाहेर उभी असते. तिला सगळं ऐकू येतं. पण ती आत जात नाही. तो वेळ थोरलीचा आहे, त्यात आपण शिरायचं नाही, हे तिला कळतं. ती भाकरी झाकून ठेवते आणि वाट बघते.

नाथाजीच्या हातातली तिकिटं तशीच राहिली. ह्या आठवड्यात रोज दुपारी, शालूबाई पाण्याला गेली असं बघून, तो त्या खोलीत जात होता. कुणाला ठाऊक नाही असं तो समजत होता.

आत बाळासो बसले होते. ते सातही दिवस आले होते आणि बोलपट त्यांना पाठ झाला होता.

"आवं शालूबाई, पण साहेब रडतोय ते कुठं दिसलं न्हाई आमाला."

"त्ये रीळ मिरजंतच ऱ्हायलंय," शालूबाई म्हणाली आणि बत्ती बारीक करायला सांगितली.